त्यांना खायला काय घालतोस?

माझ्या कामाच्या टेबलावर, मॉनिटरच्या शेजारी, एक स्टीलची वाटी आहे. तिच्यात ३१ रिकामे शंख आहेत. घरी आलेलं कुणीतरी विचारतंच, "भारी आहेत रे, कुठल्या बीचवरचे?" मी खरं सांगतो. बीचवरचे नाहीत, या टाकीतले आहेत. आणि ते रिकामे माझ्यामुळे झाले.

टाकी २०० लिटरची, खाऱ्या पाण्याची. रीफ टँक म्हणतात तिला. समुद्राचा एक कोपरा काचेत उभा करायचा: दगड, वाळू, मऊ प्रवाळं, चार मासे. (दगडी प्रवाळं माझ्याकडे नाहीत. भारतात ती २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत.) टाकी लावून महिना झाला आणि ती आधी तपकिरी, मग हिरवी पडायला लागली. हे जवळपास सगळ्यांच्या टाकीत होतं. नव्या पाण्यात आधी डायटम येतात, सिलिकेटवर वाढतात आणि काचेवर तपकिरी साय धरतात. त्यांच्या मागोमाग हिरवं शेवाळ. या छंदात त्यावर मिळणारा सल्ला जगभर एकच आहे आणि सगळ्यांना पाठ आहे: क्लीन-अप क्रू टाक.

क्लीन-अप क्रू म्हणजे सफाईचं पथक. शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी, सोबत एखाद-दुसरा हर्मिट खेकडा. किती टाकायच्या याचाही हिशोब ठरलेला आहे: दर गॅलनला एक. २०० लिटर म्हणजे साधारण ५३ गॅलन. मी इंजिनियर माणूस, सूत्र मिळालं की खूश. दुकानात गेलो तर चाळीसच शिल्लक होत्या. दुकानदार म्हणाला, "दादा, सगळ्या घेऊन टाका. थोड्या जातातच." पालकाच्या जुडीतली चार पानं सडकी निघणारच, त्या सुरात. मला त्यात काहीही खटकलं नाही. हे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे जे भांडण मांडणार आहे ते आधी माझ्याशीच आहे.

पाच महिन्यांनी हिशोब असा होता: ३१ शंख वाटीत, ३ गोगलगायी सापडल्याच नाहीत, ६ जिवंत.

त्याच सुमारास आई साताऱ्याहून आली होती. टाकीसमोर खुर्ची ओढून बसली. माशांचं कौतुक झालं. मग काचेवर चिकटलेल्या गोगलगायीकडे बोट दाखवून म्हणाली, "आणि यांना खायला काय घालतोस?"

"काही नाही. त्या शेवाळ खातात."

"ते संपल्यावर?"

मी काहीतरी बोललो. काय ते आठवत नाही, कारण ते उत्तर नव्हतंच. आईच्या माहेरी गोठा होता. तिच्या डोक्यात जनावर पाळण्याचा पहिला प्रश्न वैरणीचा असतो. वैरणीची सोय नसेल तर जनावर दारात आणत नाहीत. गोगलगाय या शब्दात गाय आहे, पण गोठ्यातला हा साधा नियम मात्र आम्ही कुणी तिला लावला नव्हता.

माझं म्हणणं एवढंच आहे. 'क्लीन-अप क्रू' हा शब्द लबाड आहे. तो जिवंत प्राण्याला फडकं करतो. आणि फडक्याला भूक लागत नाही, फडकं मरत नाही, ते फक्त संपतं आणि आपण नवीन आणतो. हा शब्द आपण वापरायचा थांबवला पाहिजे, आणि त्याच्या आडून जे करतो तेही.

शेवाळ कुठून येतं

शेवाळाला मुख्यतः उजेड, नायट्रेट आणि फॉस्फेट लागतं. तिन्ही गोष्टी मी पुरवत होतो. ऑफिसला जाताना मासे उपाशी राहू नयेत म्हणून ऑटो फीडर लावला होता, तो दिवसातून तीनदा दाणे टाकायचा. चार माशांना तीन वेळा जेवण. वर फ्रोझन फूडची वडी न धुता, तिच्या पाण्यासकट. दिवे दहा तास. बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी भरायला स्वयंपाकघरातला आरओ, ज्यातून सिलिकेट किती सुटतं हे मी कधी तपासलं नव्हतं. टेस्ट किट आणून मोजलं तेव्हा नायट्रेट ५० पीपीएमच्या घरात होतं.

म्हणजे शेवाळ हा माझ्या वागण्याचा लॉग होता. रोज काचेवर लिहून येत होता. आणि मी काय केलं, तर लॉग पुसायला चाळीस जीव आणले.

आता गोगलगाय नेमकं काय करते ते बघा. ती शेवाळ खाते. खाल्लेल्यातलं थोडं तिच्या अंगी लागतं, बाकीचं विष्ठा आणि अमोनिया होऊन त्याच पाण्यात परत येतं. टाकीतले जीवाणू त्याचं पुन्हा नायट्रेट करतात. फॉस्फेटही तिथंच राहतं. डिस्क भरली म्हणून फाइल्स एका फोल्डरमधून दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवाव्यात, तसं. पोषकद्रव्यं टाकीबाहेर जातात ती पाणी बदललं, स्किमरचा पेला ओतला किंवा शेवाळ हाताने उपटून कचऱ्यात टाकलं तर. म्हणजे कुणीतरी बाहेर काढलं तर. गोगलगाय दगड आणि काच सतत खरवडत ठेवते, त्यामुळे नवीन शेवाळ जम धरत नाही, प्रवाळाला जागा राहते. हे काम मोठं आहे. पण ते निरोगी टाकी निरोगी ठेवण्याचं काम आहे. आपल्या अति खाऊ घालण्याचा निचरा करणं तिच्या हातात नाही. हात तर नाहीतच.

त्याहून वाईट गोष्ट मला तिसऱ्या आठवड्यात दिसली. काच लख्ख झाली होती, दगड मात्र तसेच हिरवे, केसासारखं लांब शेवाळ डुलतंय. आणि तरी गोगलगायी मरत होत्या. कारण टाकीत आणतो त्या बहुतेक जाती पातळ थर खरवडून खातात. केसासारखं लांब झालेलं शेवाळ त्यांच्यातल्या बऱ्याच जणी तोंडात धरत नाहीत. त्यांच्या खाण्याची पातळ साय चाळीस जणींनी दहा दिवसांत संपवली होती. टाकी हिरवीगार आणि जनावर उपाशी. दुष्काळ शेताच्या मधोमध.

उपाशी गोगलगाय कशी मरते हे फारसं कुणी बघत नाही, कारण त्यात बघण्यासारखं काही घडत नाही. ती एका जागी थांबते. पायाची पकड सैल होते. एका रात्री काचेवरून खाली पडते, वाळूत उलटी. तिथं हर्मिट खेकडा असेल तर तो तिच्या मरणाची वाटही बघत नाही. त्याला शंख हवा असतो. सकाळी आपल्याला वाटतं, अरे, झोपलीय. चार दिवसांनी वास येतो.

कोण, कुठली, काय खाते

मी आणलेल्या चाळीसांत किती प्रकार होते? दुकानदाराने नावं सांगितली होती: एस्ट्रिया, टर्बो, नासारियस, नेराइट. मी बिलाचा फोटो काढला, नावं वाचली नाहीत. नंतर वाचत बसलो तेव्हा कळलं की ही चार नावं म्हणजे चार वेगवेगळे संसार आहेत.

नासारियस शेवाळ खातच नाही. ती मांसाहारी, मेलेलं-सडलेलं खाणारी. दिवसभर वाळूत पुरलेली असते, फक्त सोंडेसारखी नळी वर. पाण्यात खाण्याचा वास आला की वाळू फोडून बाहेर येते. सुंदर दृश्य असतं ते. पण शेवाळासाठी तिला आणणं म्हणजे इस्त्री करायला स्वयंपाकी ठेवणं.

नेराइट भरती-ओहोटीच्या पट्ट्यातली. तिचा जन्मच निम्मा पाण्याबाहेर राहण्याचा. ती रात्री टाकीच्या कडेवरून बाहेर पडते. माझ्या न सापडलेल्या तिघींपैकी एक पुढे सोफ्याखाली मिळाली, वाळलेली.

एस्ट्रिया या नावाने जी विकली जाते ती मूळची कॅरिबियन समुद्रातली. ती सपाट जागेवर उलटी पडली तर स्वतःहून सरळ होऊ शकत नाही. तिच्या घरी खडबडीत खडक असतात, आधार मिळतो. आपण तिला वाळूच्या सपाट गालिच्यावर सोडतो. मग तिला रोज उठून सरळ करणं हे आपलं काम आहे. किती जण करतात?

टर्बो म्हणून जगभर सगळ्यात जास्त नाव घेतलं जातं ती मेक्सिकोच्या कॅलिफोर्नियाच्या आखातातली. तिथं हिवाळ्यात पाणी चांगलंच गार होतं. रीफ टँक बारा महिने २५-२६ अंशांवर. मार्गारिटा नावाची गोगलगाय तर उत्तर अमेरिकेच्या थंड पॅसिफिक किनाऱ्यावरची. ती गरम टाकीत काही महिने जगते आणि लोक म्हणतात, तिचं आयुष्यच तेवढं असतं. तिचं आयुष्य तेवढं नसतं. आपल्या टाकीत तेवढं असतं.

ट्रोकस मात्र उलटी पडली तर स्वतः सरळ होते. ती टाकीत पिल्लंही घालू शकते, कारण तिच्या अळ्या पाण्यात तरंगत फार दिवस काढत नाहीत, अंड्यातली शिदोरी पुरते तेवढ्यात खाली बसतात. पॅसिफिक बेटांवर, पलाऊ आणि वानुआटूसारख्या ठिकाणी, मोठ्या ट्रोकसची हॅचरीत पैदास केली गेली. या शंखाच्या आतल्या चकचकीत थरापासून सदऱ्याची बटणं व्हायची, म्हणून तिला समुद्रातून उपसून काढलं होतं. आपल्याकडे अंदमानातही तेच झालं. शेवटी २००१ साली ट्रोकस निलोटिकस आणि टर्बो मार्मोरेटस या दोन्ही जाती भारताने संरक्षित प्राण्यांच्या यादीत घातल्या.

आता दुकानातल्या पिशवीवर नुसतं 'ट्रोकस' किंवा 'टर्बो' लिहिलेलं असतं. कुठली जात, कुठल्या समुद्रातली, कुणी काढली, कशी आणली, काही नाही. आपण विचारत नाही. मी विचारलं नव्हतं. मोबाइल घेताना प्रोसेसरची पिढी विचारणारे आपण, जिवंत प्राणी घेताना नावही विचारत नाही. 'क्रू' म्हटलं की नावांची गरज संपते.

पोटात पाय

'गोगलगाय नि पोटात पाय' ही म्हण आपण गरीब दिसणाऱ्या आतल्या गाठीच्या माणसाला वापरतो. गंमत अशी की शास्त्रज्ञांनी या प्राण्यांना दिलेलं नाव, गॅस्ट्रोपॉड, त्याचा ग्रीकमधला अर्थही तोच: पोट आणि पाय. म्हणीत तिच्यावर संशय आहे, पण निदान तिच्याकडे कुणीतरी नीट बघितलं होतं.

आपणही बघू. ती काचेवर असताना बाहेरच्या बाजूने टॉर्च मारा. तोंड उघडतं, मिटतं, आणि आतून एक पट्टी काच चाटून जाते. ती रॅड्युला. तिच्यावर बारीक दातांच्या रांगा असतात. झिजल्या की पुढे नव्या येतात. गोगलगायींचीच नातेवाईक लिंपेट, खडकाला चिकटलेली छोटी टोपी दिसते ती, तिच्या दातांत गोथाइट नावाचं लोहखनिज असतं. २०१५ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी ते दात ताणून मोजले, तर ताकद कोळ्याच्या धाग्याहून जास्त निघाली. खडक खरवडून पोट भरायचं म्हणजे असे दात लागतात.

टाकीतल्या बहुतेक गोगलगायींच्या रक्तात प्राणवायू वाहून नेण्याचं काम तांबं करतं, आपल्यासारखं लोह नाही. आणि तेच तांबं पाण्यात विरघळलेलं असेल तर त्या मरतात. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या आजारावर तांब्याचं औषध टाकतात. गोगलगायी बाहेर न काढता ते टाकलं की सगळं पथक साफ. पाण्याचा खारेपणाही तसाच. आपलं शरीर आतलं मीठ सांभाळतं, यांचं सांभाळत नाही. बाहेर जेवढं मीठ तेवढंच आत. पिशवीतलं पाणी आणि टाकीतलं पाणी यांत फरक असेल आणि पिशवी सरळ उलटी केली, तर तो धक्का प्रत्येक पेशीला बसतो. थेंब थेंब टाकीचं पाणी पिशवीत सोडत तासभर काढायला हवा. मी पंधरा मिनिटं पिशवी तरंगत ठेवली होती. त्याने तापमान जुळतं, मीठ नाही.

आणि बुद्धी? समुद्री ससा, अप्लिजिया, हीदेखील शेवाळ खाणारी गोगलगायच, शंख जवळजवळ नसलेली. एरिक कँडल यांनी याच प्राण्यावर दशकानुदशकं काम करून दाखवलं की आठवण साठते म्हणजे मज्जापेशींच्या जोडण्यांमध्ये नेमकं काय बदलतं. त्याबद्दल २००० साली त्यांना नोबेल मिळालं. हा प्राणी शिकतो. एकदा झटका बसला की पुढचा स्पर्श आला तरी कल्ले आत ओढतो, आणि पुन्हा पुन्हा शिकवलं तर ते दिवसेंदिवस लक्षात ठेवतो. माणसाला आपली स्मृती ज्याच्याकडून समजली, त्याच कुळातले प्राणी केसाळ शेवाळावर 'उपाय' म्हणून विकले जातात. शेवाळ संपलं की तेही उपाशी मरतात.

"अरे, गोगलगाय आहे ती"

हा पहिला आक्षेप. तिला काय कळतं? किती कळतं यावर वाद होऊ शकतो. ब्रिटनने २०२२ साली प्राण्यांच्या संवेदनेबद्दल कायदा केला, त्यात पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांबरोबर खेकडे, शेवंडं आणि ऑक्टोपस घेतले. गोगलगायी बाहेर राहिल्या. पण आपला १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याला बंदी घालणारा कायदा उघडून बघा. त्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कुठलाही सजीव जीव. आणि कलम ११ मध्ये क्रूरतेच्या यादीत मारझोडीबरोबर हेही आहे: मालक असून प्राण्याला पुरेसं अन्न न देणं. माझ्या आईने हा कायदा वाचलेला नाही. पण दोघांचा प्रश्न एकच आहे.

दुसरा आक्षेप: समुद्रातही त्या मरतातच की. मरतात. पण तिथं त्या कुणाच्या तरी मरणासाठी नसतात, त्या खडकाचा कणा असतात. कॅरिबियनमध्ये डायडेमा नावाचे काळे, लांब काट्यांचे सी अर्चिन हेच शेवाळ खरवडण्याचं काम करायचे. शेवाळ खाणारे मासे तिथं आधीच पकडून संपवलेले होते. १९८३-८४ मध्ये साथ आली आणि हे अर्चिन जवळजवळ नाहीसे झाले. जमैकाच्या प्रवाळ खडकांवर १९७० च्या दशकाच्या शेवटी निम्म्याहून जास्त भाग जिवंत प्रवाळाचा होता. १९९४ साली टेरी ह्यूज यांनी 'सायन्स'मध्ये लिहिलं तेव्हा तो पाच टक्क्यांहूनही कमी उरला होता. बाकी शेवाळ. वादळं, मासेमारी, अशी इतर कारणंही होती, पण चरणारे गेले की काय होतं हे तिथं उघड दिसलं.

असे चरणारे जीव आपल्या हॉलसाठी कुठून येतात? बहुतेक समुद्रातून, हाताने उचलून. २००९ साली अँड्र्यू ऱ्हाइन आणि सहकाऱ्यांनी फ्लोरिडातल्या या पकडीचा अभ्यास 'प्लॉस वन'मध्ये छापला. त्यात दिसलं की तिथं शोभेच्या जिवांकडून कल सरकलाय तो टाकी साफ ठेवणाऱ्या जिवांकडे. म्हणजे खऱ्या समुद्रातून शेवाळ खाणारे उचलायचे, आणि माझ्या ऑटो फीडरने केलेली घाण निस्तरायला इकडे पाठवायचे. इथं ते उपाशी मरणार. तिथं त्यांची जागा रिकामी.

तिसरा आक्षेप सगळ्यात खरा आहे: मग टाकीच ठेवू नको ना. यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. ज्याला असं वाटतं त्याच्याशी मी भांडणार नाही. पण माझ्याकडे टाकी आहे, तिच्यात जीव आहेत, आणि उद्या सकाळी त्यांची जबाबदारी माझीच आहे. ती बंद करेपर्यंत तरी नीट वागावं लागेल. 'पूर्ण बंद नाही तर मग काहीही चालेल' हा युक्तिवाद आळशी माणसाचा आहे. मला तो चांगला ओळखीचा आहे.

कारण ही सवय टाकीपुरती नाही. आमच्या सोसायटीत ओला-सुका कचरा वेगळा द्यायचा नियम आहे. अर्धे फ्लॅट एकाच पिशवीत बांधून देतात. लिफ्टमध्ये एकदा ऐकलं, "खाली ताई करतात ना वेगळा." ताईंचा पगार कोण किती देतं, हातमोजे आहेत का, हे त्या वाक्यात नव्हतं. मी माणसांची तुलना गोगलगायींशी करत नाहीये. तुलना आपल्या स्वतःच्या दोन वागण्यांची आहे. घाण आपण करायची, ती निस्तरणाऱ्याला 'स्टाफ', 'क्रू' असं सोयीचं नाव द्यायचं, आणि मग घाण कमी करण्याचा विषयच बंद. साफ करणारं कुणीतरी आहे म्हटलं की आपण जास्त घाण करतो. मी केली. गोगलगायी आणल्यावर मी ऑटो फीडर कमी केला नाही. उलट निर्धास्त झालो.

आता

सध्या काय करतो ते सांगतो. उपदेश म्हणून नाही, माझ्या चुकीची दुरुस्ती कशी केली एवढ्यासाठी.

ऑटो फीडर काढला. मासे दिवसातून एकदा जेवतात आणि ठणठणीत आहेत. फ्रोझन फूड गाळणीत धुऊन टाकतो. दिवे सात तास. दर रविवारी २० लिटर पाणी बदलतो, भरायला सिलिकेट काढणारा वेगळा फिल्टर. लांब शेवाळ हाताने उपटलं, जुन्या टूथब्रशने दगड घासले. दोन महिने लागले. नायट्रेट १० च्या खाली आलं तेव्हा शेवाळ आपोआप विरळ झालं. म्हणजे ज्या कामासाठी मी चाळीस जीव आणले ते शेवटी एका टूथब्रशने आणि थोड्या शिस्तीने झालं.

उरलेल्या सहाच्या सहा अजून आहेत. नवीन एकही आणली नाही. आता टाकीत त्यांना पुरेल एवढं शेवाळ नाही, म्हणून आठवड्यातून तीनदा नोरीचा तुकडा, सुशीला गुंडाळतात ते वाळवलेलं समुद्री शेवाळ, मीठ-मसाला नसलेलं, रबर बँडने दगडाला बांधतो. रात्री दिवे गेल्यावर त्या एकेक करून तिकडे निघतात. सकाळी रबर बँडच उरतो. ऑफिसला जाण्याआधी एक चक्कर मारून कुणी उलटी पडलीय का बघतो. दोन मिनिटं लागतात.

तुम्ही टाकी ठेवत असाल, ठेवणार असाल, तर दुकानात चार प्रश्न विचारा. हिची नेमकी जात कोणती? ही कुठल्या समुद्रातली, किती तापमानातली? ही काय खाते? आणि माझ्या टाकीतलं ते संपलं की मी तिला काय घालणार? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं दुकानदाराने द्यायची. देता आली नाहीत तर पिशवी परत ठेवा. चौथ्याचं उत्तर तुम्ही द्यायचं, आणि ते तयार होईपर्यंत काच स्वतःच्या हाताने पुसा. दर गॅलनला एक हे सूत्र विसरा. ते विकणाऱ्याच्या सोयीचं आहे. एकदोन आणा, सहा महिने जगवून दाखवा, मग पुढचं बघा. आणि मेल्या तर मोजा. नुसतं 'गेल्या' म्हणून फेकून देऊ नका. मी वाटी ठेवली तेव्हाच मला आकडा कळला.

आई रविवारी फोन करते. कामाचं विचारते, लग्नाचं विचारते, मग म्हणते, "आणि त्या सहाजणी? जेवतात का?"

जेवतात, असं आता सांगता येतं.